सातव्या बॅचची टरफलं

डॉ. गिरीराजांनी काचेची कुपी खिडकीच्या उजेडात धरली, आतली काळी पूड एकदा हलवून पाहिली आणि कुपी कचऱ्याच्या टोपलीत टाकली. ती फुटली नाही याचाही त्यांना राग आला असावा. त्यांनी टोपली पायानं भिंतीकडे ढकलली.

“अठरावी,” ते म्हणाले. “एकशे नव्वद. चुलीतला कोळसा भरला असता तरी एवढं आलं असतं.”

टेबलाच्या पलीकडे त्यांची विद्यार्थिनी हर्षिता वही छातीशी धरून उभी होती. आपण बसलो तर सरांना ते उद्धटपणाचं वाटेल आणि उभं राहिलो तर बावळटपणाचं, हे तिला तीन वर्षांत कळून चुकलं होतं. त्यातल्या त्यात उभं राहणं बरं.

बंगळूरात हेब्बाळच्या वाटेवरच्या त्या संस्थेत दोघं मिळून भुईमुगाच्या टरफलांपासून बॅटरी करत होते. म्हणजे पूर्ण बॅटरी नव्हे. पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या लिथियमच्या बॅटरीत एका बाजूला जो कार्बन लागतो, तेवढाच. हवा न लागू देता टरफलं भट्टीत भाजायची, उरलेला कोळसा आम्लानं धुवायचा, दळायचा, तांब्याच्या पत्र्यावर त्याचा लेप द्यायचा आणि एका ग्रॅममध्ये वीज किती मावते ते मिलिअँपिअर-तासांत मोजायचं. उत्तम ग्रॅफाइटला कागदोपत्री तीनशे बहात्तरच्या वर जाता येत नाही. डिसेंबरात त्यांच्या सातव्या बॅचनं चारशे सत्तर दाखवले होते. डॉ. गिरीराजांनी आठ दिवसांत निबंध लिहून परदेशी धाडला, स्वतःचं नाव पहिलं घातलं आणि दिल्लीला, पैसे देणाऱ्या खात्याला, कळवलं. त्यानंतर अकरा वेळा तीच कृती झाली आणि अकरा वेळा कोळसाच निघाला. आता मार्च लागला होता. वीस तारखेला दिल्लीची समिती येणार होती.

डॉ. गिरीराज मूळचे पुण्याचे, पाच वर्षं जपानात राहून सत्त्याण्णव साली बंगळूरला आलेले. इथली वीज जाते म्हणून ते बंगळूरला हसत, इथलं पाणी जड म्हणून पाण्याला हसत आणि हसायला काही उरलं नाही की इथल्या मराठीला हसत. प्रयोगशाळेत नायट्रोजनचा तुटवडा पडे, आम्लाचा पडे. सरांच्या तुच्छतेचा तुटवडा कधीच पडला नाही.

“दोन गोष्टी शक्य आहेत,” ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले. “एक, डिसेंबरात निसर्गाचे नियम वेगळे होते. दोन, तू आकडा रचलास.”

“रेकॉर्डरचा कागद आहे की सर. पेननं काढलेली रेघ आहे.”

“रेकॉर्डरला लेपाचं वजन कळत नाही. ते वहीत तू लिहिलंस. वजन निम्मं लिहिलं की वीज दुप्पट दिसते, हे निपाणीतसुद्धा शिकवत असतील.”

हर्षितानं वही जास्तच घट्ट धरली. वजन तिनं तीनदा केलं होतं. पण ते करताना दुसरं कुणीच तिथं नव्हतं, आणि एकटीनं केलेल्या खरेपणाला साक्षीदार कुठून आणायचा?

“वीस तारखेच्या आत सातवी पुन्हा करून दाखव. नाहीतर संचालकांना पत्र जाईल. आकडे रचले म्हणून. मग निबंध मी मागे घेईन आणि तू निपाणीला तंबाखू मोजायला जा.”

असं पत्र एकदा गेलं की ते माणसाच्या पुढे पुढे चालतं. दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेच्या दारात ते तिच्या आधी पोचलं असतं. तिकडे निपाणीला वडिलांनी घरावरच्या पाटीवर तिचं नाव कधीच रंगवून घेतलं होतं, पुढे ‘डॉ.’ लिहायला एका अक्षराची जागा सोडून. गावाला घाई फार असते. ती जागा बघून लोक वडिलांना खवचटपणे तारीख विचारत.

तेवढ्यात विठोजी आत आले. ते भट्टी सांभाळत. खाकी शर्ट, कानाला अडकवलेलं पेन, हातात राखेचा डबा.

“साहेब, भट्टी थंड झाली. नळी स्वल्प चिरलेली दिसते. मी बाजूला काढून ठेवलो.”

“‘ठेवलो’!” डॉ. गिरीराज हर्षिताकडे वळून म्हणाले. विठोजी तिथं नाहीतच अशा थाटात ते बोलत. “तीनशे वर्षं झाली म्हणे यांच्या घराण्याला इथे येऊन. आले तेव्हा तलवारी घेऊन आले होते. आता क्रियापदसुद्धा नीट धरता येत नाही.”

हर्षिता हसली. तिचं स्वतःचं मराठी काही वेगळं नव्हतं. तिची आई घरात असंच बोलायची. पण चाबूक दुसऱ्याच्या पाठीवर पडला की आपली पाठ हलकी होते, आणि ती तेवढ्यासाठी हसली. विठोजींनी राखेचा डबा उचलला आणि “सरी”, म्हणजे बरं, एवढं म्हणून ते बाहेर गेले.

त्यानंतरच्या दोन दिवसांत ते तिच्याकडे तीनदा आले. “अक्का, स्वल्प बोलायचं होतं.” एकदा ती पूड तोलत होती, एकदा जेवायला निघाली होती. तिसऱ्यांदा ती नुसतीच बसून होती, तरी तिनं “नंतर, विठोजी” म्हटलं. चिरलेली नळी, संपलेला सिलिंडर, याशिवाय भट्टीवाल्याला सांगण्यासारखं काय असणार?

शुक्रवारी दुपारी वीज गेली. भट्टीच्या खोलीत ती तापमान उतरताना बघत उभी होती, आणि तिथून पळायला निमित्त नव्हतं. विठोजी दार ओढून घेऊन समोर उभे राहिले.

“अक्का, त्या सातव्याचं टरफल मिलचं नव्हतं.”

“म्हणजे?”

“तेलाच्या मिलमधून आणतो ना आपण दरवेळी. त्या वेळी मी मिलला गेलोच नाही. कडलेकाई परिषेचा सोमवार होता.”

शेंगांची ती जत्रा तिनंही एकदा पाहिली होती. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या नंदीच्या देवळापुढे शेंगांचे ढीग पडतात आणि रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते.

“गोजरा, म्हणजे आमची बायको, दरवर्षी तिथं हंडा लावते. शेंगा उकडून विकते. मी शेजारी बसतो. लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकलं नाही. साहेबांना सुटी मागितली असती तर काय बोलले असते, तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून मिलला जातो सांगून तिथं बसलो. दुसऱ्या दिवशी टरफल तर पाहिजे. घरी पोतं होतं. तेच आणलो.”

“उकडलेल्या शेंगांचं?”

“मिठाच्या पाण्यात उकडलेल्या. लोक खातात आणि तिथंच टाकतात. गोजरा संध्याकाळी झाडून आणते, वाळवते. न्हाणीत पाणी तापवायला वर्षभर पुरतं.”

“लोकांनी तोंडातून काढून टाकलेली?” हर्षिताचा चेहरा आंबट झाला. आंतरराष्ट्रीय निबंधात जिला ‘काळजीपूर्वक निवडलेली शेतीजन्य सामग्री’ म्हटलं होतं, ती बसवनगुडीच्या रस्त्यावरची उष्टी टरफलं होती. मग एकदम तिला ती किळस विसरायला झाली.

मीठ. उकळताना ते टरफलाच्या भिंतीत शिरलं असणार. भट्टीत टरफलाचा कोळसा होतो, मीठ मात्र जागच्या जागी राहतं. पुढे धुताना ते विरघळून जातं आणि मागे भोकं उरतात. लिथियमला शिरायला जागाच जागा. तीन महिने ती तापमानाला दोष देत होती, आम्लाला देत होती, बंगळूरच्या पाण्याला देत होती. नाचता येईना म्हणून अंगणाची एकेक फरशी तिनं उचकटून पाहिली होती.

“हे कुणाला सांगितलंत?”

“नाही. कागदावर मिलला गेलो म्हणून सही केलेली आहे मी. साहेबांना कळलं तर घालवतील. निवृत्तीला चौदा महिने राहिले माझे.”

“मग मला कशाला सांगितलंत?”

विठोजींनी थोडं आश्चर्यानंच तिच्याकडे पाहिलं.

“तुम्हाला खोटं म्हणाले ना ते. खोटं तर मी केलो.”

सबंध इमारतीत आपल्या बाजूनं बोलणारा हा एकच माणूस निघावा, याची हर्षिताला लाज वाटली, आणि लाज वाटली याचीही लाज वाटली. “कुणाला बोलू नका,” ती म्हणाली. “मी बघते. तुमचं नाव येणार नाही.”

त्या क्षणी ते वचन खरोखर चांगलं होतं.

रविवारी ती बसवनगुडीला गेली. देवळामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, पुढे तुळस, दारात धुतलेला हंडा पालथा घातलेला. गोजराबाईंनी न्हाणीतून अर्धं पोतं ओढून आणलं.

“एवढंच उरलंय बघा अक्का. ह्याची बॅटरी होती म्हणे? मी पाणी तापवते ह्याच्यावर!” त्या खळखळून हसल्या. “बसा की. काफी टाकते. हे सांगत होते तुम्ही फार शिकलेल्या.”

“नको, माझी बस जाईल.”

बसेस दर दहा मिनिटांनी होत्या. पण घरात रॉकेलचा वास होता, खुर्ची एकच होती आणि तिच्यावर कपड्यांची घडी होती. गोजराबाई ती घडी उचलेपर्यंत हर्षिता उंबऱ्याबाहेर पोचलीसुद्धा. बसमध्ये तिनं पोतं पायापाशी न ठेवता जरा लांब ठेवलं, एखाद्या अनोळखी माणसाचं असावं तसं. शेजारच्या बाईनं नाक मुरडलं तेव्हा तिनंही मुरडलं.

एकोणिसावी बॅच तिनं आणि विठोजींनी मिळून केली. विठोजी एकदाही भट्टीपासून हलले नाहीत. नायट्रोजनची नळी गळते का ते साबणाचा फेस लावून तासातासाला बघत राहिले. पूड धुतली, वाळवली, दळली. आर्गॉनच्या पेटीत जाड रबरी हातमोज्यांतून तिनं चाचणीचा छोटा सेल बंद केला. मग रेकॉर्डरचं पेन कागदावर चालू लागलं. दोनशेच्या खुणेपाशी ती श्वास धरून बसली. पेन थांबलं नाही. तीनशे झाले, चारशे झाले. चारशे पंचावन्नला रेघ खाली वळली, आणि हर्षिता टेबलावर डोकं ठेवून रडली. विठोजींनी पाण्याचा ग्लास आणून शेजारी ठेवला.

डॉ. गिरीराजांनी कागद पाहिला आणि त्यांना अर्थातच तो पटला नाही. “वजन मी करणार,” ते म्हणाले. त्यांनी स्वतः लेप तोलला, स्वतः सेल केला, आणि सेल चालू असताना खोलीला कुलूप घातलं. शुक्रवारी सकाळी त्यांनी कुलूप काढलं. चारशे साठ.

त्यांनी रेघेवरून बोट फिरवून पाहिलं. हर्षिता दारात होती. विठोजी कोपऱ्यात सिलिंडरची चावी घट्ट करत होते.

“काय केलंस?”

“टरफलं मिठाच्या पाण्यात उकळली, सर. आधी.”

“मिठाच्या?” त्यांचे डोळे बारीक झाले, मग मोठे झाले. तो माणूस तुच्छ असेल, मूर्ख नव्हता. दोन क्षणांत सगळी भोकं त्यांना दिसली असणार. “कुणाची कल्पना?”

तिनं उत्तर घोकून ठेवलं होतं. नाव न घेता सांगायचं होतं: पोत्यांची अदलाबदल झाली, उकडलेल्या शेंगांची टरफलं चुकून आली, नंतर मला ती सापडली. एवढं पुरेसं होतं. विठोजी वाचले असते, खरंही वाचलं असतं. पण सर तिच्याकडे बघत होते, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या बघण्यात तुच्छता नव्हती.

“माझी,” हर्षिता म्हणाली.

सिलिंडरवरचा पान्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

“आणि सातवी?”

“तेव्हाही तसंच केलं होतं. सहज करून बघितलं. वहीत लिहायचं राहिलं.”

“लिहायचं राहिलं!” डॉ. गिरीराज टेबलावर हात आपटून हसले. “अकरा बॅचेस वाया. नायट्रोजनचे किती सिलिंडर गेले ते विचारू नकोस. अगं, असं वेंधळं माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही.” मग त्यांचा आवाज मऊ झाला, मऊपणाची सवय नसल्यामुळे तो जरा घोगरा लागला. “वेंधळी आहेस. पण खोटारडी नाहीस, एवढं मला मान्य करायला हवं.”

“थँक्यू सर,” ती म्हणाली.

पुढचे दोन दिवस तिनं स्वतःची समजूत घालण्यात घालवले. खरं सांगितलं असतं तर विठोजींची नोकरी गेली असती. सरांनी उलटतपासणी केलीच असती, पोतं कुठून आलं हे निघालंच असतं. म्हणजे आपण जे केलं ते त्यांच्यासाठीच. माणसाला सोयीची दया किती लवकर सुचते! शनिवारी तिनं डिसेंबरातलं पान काढलं आणि ‘टरफलं’ या शब्दाच्या वर, ओळीच्या फटीत, ‘मिठाच्या पाण्यात उकळून’ असं बारीक अक्षरात घातलं. शाई जरा ताजी दिसत होती म्हणून पान थोडा वेळ उन्हात धरलं.

विठोजी रोज येत होते. भट्टी पुसत होते, राख काढत होते. काही विचारलं तर उत्तर देत होते. तिनं एकदा भट्टीच्या खोलीत जाऊन “विठोजी, ते त्या दिवशी मी...” म्हणून सुरुवात केली. त्यांनी हातातलं काम न थांबवता “सरी सरी” म्हटलं.

सोमवारपर्यंत ती कल्पना हर्षिताचीही राहिली नव्हती. डॉ. गिरीराज फोनवर दिल्लीला सांगत होते, “मीठ वापरायचं हे आमचं नोव्हेंबरातच ठरलं होतं. मीच म्हटलं होतं, पोरं वहीत लिहायला विसरतात.” चोरावर मोर म्हणतात तो असा. हर्षिताला तो अन्याय फार लागला. तिला खरोखर राग आला, आणि तो राग विठोजींपाशी बोलून दाखवावा असंसुद्धा क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं.

फोन ठेवून सर हातावर हात चोळत बाहेर आले.

“समितीला सगळं पहिल्यापासून बघायचंय. कच्च्या टरफलांपासून. परवा त्यांच्यासमोर भट्टी लागेल, म्हणून उकळणं आजच. विठोजी!”

विठोजी आले. मिलमधलं नवं पोतं आणि ऍल्युमिनियमचं मोठं पातेलं त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं. गोजराबाईंच्या पोत्यातलं एक टरफलही आता शिल्लक नव्हतं.

“हिच्याकडून नीट समजून घे,” डॉ. गिरीराज म्हणाले. “लिहून घे. आणि हे बघ, ही स्वैपाकघरातली उकडाउकडी नाही. स्वतःची अक्कल चालवायची नाही.”

“नाही साहेब.” विठोजींनी कानावरचं पेन काढलं, खिशातून छोटी वही काढली आणि पान उलटून ते हर्षिताच्या समोर उभे राहिले. “पाण्यात मीठ किती?”

हर्षितानं त्यांच्याकडे पाहिलं. बसवनगुडीच्या त्या दारात ती दोन मिनिटंही थांबली नव्हती. किती मीठ, किती वेळ, आच कशी, यातलं काही तिनं विचारलं नव्हतं. पोतं आयतं मिळालं होतं.

“शंभराला... पाच.”

“शंभराला पाच.” त्यांनी लिहिलं. “आधी भिजत घालायचं, का एकदम उकळायचं?”

“एकदम.”

“एकदम. किती वेळ?”

ती वाट बघत होती. त्यांनी भुवई जरा उचलली असती, मान किंचित हलवली असती, तर तिला कळलं असतं. लग्नापासून दर कार्तिकात त्या हंड्याशेजारी बसलेला माणूस होता तो. पण विठोजींचा चेहरा हुकूम घेणाऱ्या माणसाचा होता, त्याहून जास्त त्यावर काही नव्हतं. डॉ. गिरीराज घड्याळाकडे बघत होते.

“अर्धा तास,” ती म्हणाली.

“उकळल्यावर पाण्यातच निवू द्यायचं, का लगेच उपसायचं?”

“लगेच.”

“लगेच उपसायचं.” त्यांनी सावकाश, अक्षर अक्षर जुळवत लिहून पूर्ण केलं. एकदा वाचून पाहिलं. मग वही तिच्यापुढे धरली आणि पानावर पेन आडवं ठेवलं.

“खाली सही करा मॅडम. उद्या कुणी म्हणायला नको, विठोजी आपल्या मनाचं केला.”

“शाबास,” डॉ. गिरीराज म्हणाले. “शिकला बघ शेवटी. कर सही.”

हर्षितानं पेन उचललं.